देवदारातली कुऱ्हाड

टॉरस डोंगर, तोडीचा तळ
२७ एप्रिल १९७४

ती. गुलिझारताईस,
हिदिरचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं चीज संपलं. मीठ घालायला या खेपेसही विसरलीस. एवढी थट्टा उरकून घेतो, पुढचं लिहायला हात धजत नाही. हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

परवा वरच्या खोल खड्ड्याकाठचा, शेंडा वाळलेला देवदार पाडायचा होता. रिवाजाप्रमाणे झाडाची माफी मागितली आणि करवत लावली. चार बोटं आत जाताच ठिणग्या उडाल्या. फोडून पाहिलं तर खोडाने गिळलेलं कुऱ्हाडीचं पातं, खड्ड्याच्या अंगाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर. त्यावर पक्ष्याचं पाऊल कोरलेलं. ताई, ही बाबांचीच खूण.

उभ्या झाडात कुऱ्हाड रुतलेली सोडून बाबा कधी घरी येत नसत, हे तूच मला सांगायचीस. म्हणून दोर बांधून खाली उतरलो. बाबा तिथे आहेत. हाडं आणि कमरपट्ट्याचं बक्कल. ते पडले तेव्हा बर्फाने खड्ड्याचं तोंड झाकलं असणार.

बावीस वर्षांपूर्वी तळावर त्यांची कुऱ्हाड सापडली नाही. कुऱ्हाड नेली म्हणजे माणूस दुसरीकडे पोट भरायला गेला, असं सगळ्यांनी धरलं. त्याच आठवड्यात मुकादमाची मेहुणी शहरात गेली आणि गावाने दोघांची गाठ मारून टाकली. कुणी शोधलंच नाही. आईला कसं सांगायचं ते तू ठरव.

लोभ आहेच, या दिवसांत जरा जास्त असू दे.

तुझा हिदिर

*

गाव, २ मे

चि. हिदिर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी शेळ्यांमागे होते. आईने ते शेजारच्या सेव्गीकडून वाचून घेतलं, 'दाखवू नकोस' सकट. मी आले तर सेव्गी रडत होती आणि पत्र आईच्या हातात होतं.

बावीस वर्षं थुंकल्याशिवाय जिने बाबांचं नाव घेतलं नाही, तिने तो खड्ड्याच्या अंगाचा मजकूर तेवढा पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, म्हणजे खड्ड्यातून कुऱ्हाड रुतवून वर येत होता.

वसंतातल्या हिदरेलेझच्या सणाला आपण सगळ्यांच्या कबरींवर जेवण नेतो, बाबांच्या वाटणीचं घरात कधी शिजलं नाही. आज तिने बाबांच्या वाटणीची अंडी कांद्याच्या सालीत उकडून पाहिली, रंग नीट चढतो का म्हणून. सणाला, सहा तारखेला, आम्ही येतोय. तोवर बाबांना वर काढू नकोस.

आईने मला विचारलं, झाडाची माफी मागायचे शब्द आपल्याला येतात, नवऱ्याची मागायचे कोणते? तुला येत असतील तर आम्ही पोचायच्या आत आठवून ठेव.

मायेत उणं पडू देऊ नकोस.

तुझी ताई