वरातीतली शेळी

३ जाने., शुक्रवार
वहीबाई, माफ कर. दिवाळीनंतर आज उघडली. काय लिहावं या काळजीतच चहाची वेळ होते, मग राहतं.
दिवाळीत नात स्वाती पुण्याहून आली होती. केडगावला जाऊन आक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, सगळ्या गोष्टी मोबाईलवर भरून घेतल्या. बरं झालं. हल्ली आक्का राजाची गोष्ट काढते आणि कोल्ह्याच्या गुहेत शिरते.
स्वातीचा हुकूम : "आबा, सगळ्या 'एक होता'नंच सुरू होतात. प्रत्येकीला शोधशब्द द्या. माणूस काय टाकून शोधेल, ते." सातवी नापास माणसाला हे काम! चुकलो आणि गोष्ट सापडलीच नाही तर? असून नसल्यासारखी.

५ जाने.
सुरुवात केली. म्हातारीच्या गोष्टीला म्हातारी, भाकरी, विहीर, शेळी, पाऊस, देव, काठी. काठी काढली. कोणी काठीच टाकली तर? परत घातली.
ही मागून वाचत होती. "अवो, लग्नाची पत्रिका छापताय का? भावकीतलं कुनी रुसाय नको म्हनून समद्यांची नावं!"
पण खरंच, कोणी राहायला नको.

९ जाने.
संपलं. सगळ्या गोष्टी सगळ्या बाजूंनी बांधल्या. जेवण गोड लागलं.

१४ जाने., संक्रांत
स्वातीचा फोन. तिची मिहू, माझी पणती, तोंड उघडेना. "शेळीची गोष्ट" लावा, मगच घास. स्वातीनं शेळी टाकलं तर जवळजवळ सगळ्याच गोष्टी आल्या. एकेक लावली. मिहूचं एकच, "ही नाय." दूधभात गार.
स्वाती हसत होती. "आबा, राजाच्या लग्नातही शेळी?"
"आहे ना. वरातीत, मागं."
"अहो, मागंच राहू द्या की तिला!"
तीळगूळ कडू लागला. कोणती शेळी, मलाही आठवेना.

१६ जाने.
रिक्षानं केडगाव. आक्काला विचारलं, शेळीची गोष्ट कोणती?
"मला इचारतोस व्हय? मला शेळ्या आवडतच न्हाईत."
एकेक ऐकवली. मन लावून ऐकत होती. मधेच म्हणाली, "कोन बाई हाय रं ही? लई छान सांगती."
मी म्हटलं, तूच की गं.
"चल! माझा आवाज असा फाटका न्हाई."
भाची चहा टाकायचा सोडून हसत बसली. आक्कापण.
मग एक गोष्ट लागली. पोरगी रुसून माळ्यावर बसते, तिची समजूत पटेपर्यंत शेळी दूध देत नाही. आक्का म्हणाली, "ही रुसव्याची." शेळीचं नावच काढलं नाही. मी शेळी, माळा, दूध, चरवी सगळं लिहिलं होतं. रुसवा तेवढा राहिला होता.
पुढं प्रत्येक गोष्टीला तीच बोलली. ही हावरटपणाची. ही सासरची. आता सांगता येत नाही तिला, पण ऐकून कळतं.

१९ जाने., रविवार
शब्द काढतोय. एकेक खोडण्याआधी दोनदा वाचतो. ही शेजारी बसून शेंगा सोलतेय. "झाली का भावकी कमी?" झाली. शेळी एकाच गोष्टीत ठेवली, रुसव्याच्या.
संध्याकाळी स्वातीचा निरोप. सापडली, मिहूनं वाटी संपवली. वर आणखी भात मागितला.
फार बरं वाटलं.

२२ जाने.
एक गोष्ट राहिली. बहीणभाऊ रानात जातात, भाकरी एकच असते. बहीण म्हणते, मी मघाशीच खाल्ली, तू खा. एवढीच. आक्कानं ती त्या दिवशी केडगावला दोनदा ऐकली. हिला काय शब्द देऊ, विचारलं, तर माझ्याकडं बघत म्हणाली, "ही असू दे."
भाकरी लिहिलं, खोडलं. भूक लिहिलं, खोडलं. बहीण लिहिलं, तर त्याकडं बघवेना.
बिनशब्दाची ठेवली तर ती कधीच कोणाला सापडणार नाही.
स्वातीला पाठवायचा निरोप आधी इथं उतरवतो : पोरी, शेवटची गोष्ट मिहूला मांडीवर घेऊन ऐक. पुढं कधी ती तुला हवी झाली, तर काय टाकून शोधशील? आक्का उन्हाला ओट्यावर बसते. तुझा शब्द आज तिला विचारला तर होय-नाही सांगेल. लवकर कळव.