मॉनिटरची साक्ष

६ जानेवारी, सकाळ
आमच्या दूध संकलन केंद्रातल्या कॉम्प्युटरचा मॉनिटर बोलायला लागलाय. चुक-चुक-चुक. थांबतो, पुन्हा चुक-चुक. जुनाच डबा, मागून टीव्हीसारखा फुगलेला. दूध घालायला आलेल्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, ट्रान्सफॉर्मर. सेक्रेटरीनं 'माहीत नाही' म्हणणं बरं दिसत नाही.
संकल्प: रविवारी स्वतः खोलणार.

८ जानेवारी
वरून दोन चापट्या मारल्या. गप्प झाला. म्हणजे निदान बरोबर. घरी सविताला सांगितलं, तर म्हणे चापटीनं आपला मिक्सरपण चालतो. बायकोला टेक्निकल काही सांगू नये.
संध्याकाळी पुन्हा चुक-चुक.

१२ जानेवारी, रविवार
खोलणार होतो. स्क्रू गंजलेत. शिवाय बंद केल्यावरही आत करंट राहतो, असं वाचलंय. घाबरण्याचा प्रश्नच नाही.

१३ जानेवारी
चेअरमन काकासाहेब आले. नगरहून मेकॅनिक बोलावू का म्हणाले. मेकॅनिक आला तर माझ्या कॉम्प्युटर कोर्सची काय इज्जत राहिली? तोंडातून निघून गेलं, की कडूबाई झाडायला येते ती ओल्या फडक्यानं मॉनिटर पुसते, पाणी आत गेलंय. पुसताना मी तिला पाहिलेलं नाही. पण पुसत असणारच.
मी बोलायला आणि चुक-चुक व्हायला एकच गाठ पडली. चेअरमननी टेबलावर बोट वाजवलं.
"पाल चुकचुकली. खरंय तुझं, हनुमंता."
मनात हसलो. पाल कसली, मॉनिटर तो! चेअरमन झाले तरी एवढा फरक कळत नाही. पण साक्ष माझ्या बाजूची होती, म्हणून गप्प बसलो.

१४ जानेवारी, संक्रांत
चेअरमननी कडूबाईला निरोप धाडला, मॉनिटर ओल्या फडक्यानं बिघडवलास, झाडायला येऊ नको. ती दूध घालायला आली. सगळ्यांना तिळगूळ दिला, मलाही दिला. गोड लागला नाही. तीळ जुने असतील.

१७ जानेवारी
केंद्र मीच झाडतोय. कंबर धरलीय. कडूबाई आता शेजारणीच्या हाती दूध पाठवते. मॉनिटर चालूच, चुक-चुक. ओल मुरलेली आहे, सुकायला वेळ लागणार. सविता म्हणाली, बिचारीचं तेवढंच काम होतं. मी जेवणावरून उठलो. भूक नव्हतीच.

२० जानेवारी, दुपार
चेअरमन मला न विचारता मेकॅनिक घेऊन आले. आदिनाथ नावाचा. त्यानं मागचं झाकण काढलं आणि आतून पाल उडी मारून थेट माझ्या खांद्यावर. दुसरी आत, अंड्यांजवळ. थंडीत ऊब बघून संसार थाटलेला. मॉनिटर ठणठणीत. पाण्याचा थेंब नाही.
चेअरमन पोट धरून हसले. मग हसायचे थांबले.
"कडूबाईला आता तूच सांग. मी सांगणार नाही."
लाज वाटली. कान तापले.
संध्याकाळी तिच्या घरी जाणार. वाक्य पाठ केलंय: कडूबाई, मी खोटं बोललो, तुमची काही चूक नव्हती. एवढंच. सोपं आहे.

२० जानेवारी, रात्री
गेलो. कडूबाई गाईची धार काढत होती. उठली, हात पदराला पुसले, बसायला पोतं टाकलं, चहा ठेवला. मी म्हणालो, मॉनिटर सुधारला. पुढचं वाक्य ओठावर होतं. तीच आधी बोलली.
"बरं झालं, भाऊ. माज्यापायी लई ताप झाला तुमाला. मी कवा पुसला ते आठवत न्हाई, पन पुसला आसंल. तुमी शिकलेली मानसं, खोटं कशाला सांगाल. माफ करा."
मी म्हणालो, असू द्या.
उद्यापासून झाडायला या, असंही म्हणालो. चहा प्यालो. निघालो तर मागं ती शेजारणीला सांगत होती, सेक्रेटरी मनाचा लई मोठा हाय.
ऐकू आलं. वळलो नाही.