चिमणीची प्रगती

३ जून
शाळेत पालकसभा. नव्या मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, यंदा नुसते मार्क बघणार नाही. मूल जिथे होतं तिथून किती पुढे गेलं ते बघू. जूनमध्ये एक चाचणी, मार्चमध्ये तशीच दुसरी. सर्वांत पुढे सरकलेल्या मुलाच्या आईला स्टेजवर बसवणार. पटलं. मी मॅट्रिक आहे, मला कळतं.
संकल्प: स्टेजवर मीच. देवाच्या कानावर घातलंय.

१० जून
रोज पहाटे माझ्या चिमणीची तयारी करून घेते. धाकट्या जाऊबाईंचा ढब्बू तिच्याच वर्गात, पण अंगणात लोळतोय. जाऊबाई म्हणे, पहिलीच चाचणी, येतंय तसं लिहू दे. काय हा आळस!

१८ जून
चिमणीला शंभरात त्र्याण्णव! ढब्बूला अठ्ठावीस. देवापुढे साखर ठेवली. मिठाईचा हट्ट देवाला नसतो. स्टेजसाठी जांभळी शाल काढून गादीखाली घातली. इस्त्रीला कोण देतंय?

१९ जून
जेवताना ह्यांनी विचारलं, त्र्याण्णवावरून चढून चढून किती चढणार? ढब्बूला बघ केवढी जागा आहे. मी आमटी ताटाबाहेर वाढली. घरचा हिशेब मी ठेवते, वजाबाकी मला नवी नाही. माझ्या लक्षात आलंच होतं. बोलले नव्हते इतकंच.

२१ जून
बाईंना सांगितलं, चाचणीच्या दिवशी चिमणीला बरं नव्हतं. (खोटं नव्हे. शिंकली होती.) बरं नसताना त्र्याण्णव? असं म्हणून बाई बघतच राहिल्या. पण पुन्हा घेते म्हणाल्या. चिमणीला बजावलं, निम्मी उत्तरं सोडून दे. तिने मान डोलावली.

२३ जून
सत्त्याण्णव.
विचारलं तर म्हणते, आई, तूच सांगतेस ना, येत असून येत नाही म्हटलं तर देवाला कळतं. संस्कार उत्तम झालेत. त्यांना मार्क नसतात, हा शाळेचा दोष.

१५ मार्च
शेवटची चाचणी. ढब्बूला चौसष्ट, वर्गात सर्वांत जास्त प्रगती. चिमणीला पंचाण्णव. प्रगती उणे दोन. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तिला येत होतं तेच आम्ही वर्षभर शिकवत बसलो, चूक आमची. मी मोठ्या मनाने माफ केलं.

२० मार्च
सकाळी जाऊबाई दारात. ताई, स्टेजवर बसायचंय, अंगावर घ्यायला धड काही नाही, तुमची ती जांभळी शाल द्याल का? गादी उचलून दिली. एक चुणी नव्हती.
मी तिसऱ्या रांगेत. शाल स्टेजवर फार शोभली.