धाकटीची वाटी

२ नोव्हेंबर, सोमवार

रात्री अजिबात झोपले नाय. नवीन जागा म्हणून तेजू दर घंट्याला उठत होती, आन मला सारखं वाटत होतं कधी उजाडतंय आन कधी मळा बघते. आठ महिन्याची पोर आन तिची आई, दोघी जाग्या. नवरा, ललित, मातर घोरत होता.

काल घोटीवरून टेम्पोत सामान घेऊन आलो. सामान तरी काय, एक शेगडी, दोन गोधड्या, तेजूचा पाळणा. ललितला इथं टेम्पो चालवायचं काम लागलं, मला मळ्यात. पंचवटीच्या पुढं, गंगेच्या काठालाच मळा हाय, इथं गोदावरीला गंगाच म्हणतात. कोथिंबीर, मेथी, आन झेंडूचं असं पिवळंधम्मक रान की डोळे निवले. राहायला सिमेंटची खोली, आत मोरी, मोरीत नळ. लग्नाला तीन वर्षं झाली, घरात नळ पहिल्यांदाच. सकाळपासून चार वेळा उगीच सोडून बघितला.

मालक गोटीराम आण्णा आन त्यांची बायको सखुबाई मावशी. दोघंच, म्हातारी. मावशीनं पिठलं-भाकरी दिली. जुड्या बांधता येतात का, हे इचारलंच नाय. पोरगी अंगावर पिते का, दूध पुरतं का, एवढंच इचारलं. पुरून उरतं म्हणले. तर हसली, म्हणाली मंग तू आमच्या कामाची. मला बरं वाटलं. माझं दूध पुरतं का म्हणून सासूनं कधी इचारलं नाय.

एकच वाईट. खोलीमागं जुनी विहीर हाय, वर पत्रे टाकलेले. तिथून वास येतो. फाटलेलं दूध फडक्यात बांधून आठ दिवस विसरलं की येतो ना, तसा.

ही डायरी ललितला खताच्या दुकानात फुकट मिळाली, वरीस संपत आलं म्हणून. सातवीपर्यंत शिकलेय, लिहिता येतं. इथं बोलायला कोणी नाय, म्हणून लिहिते.

५ नोव्हेंबर, गुरुवार

हात कोथिंबिरीनं हिरवे झालेत, धुतले तरी जात नाय. काम जड नाय. तेजूला झेंडूच्या सरीत गोणपाटावर ठेवते, ती फुलं तोडून तोंडात घालते.

मावशीचं एक येगळंच हाय. तिच्याकडं रेडिओ हाय, त्यावर ती नुसत्या हवामानाच्या बातम्या ऐकते. गाणी लागली की बंद. आज बाई सांगत होती, समुद्रात हवेचा दाब कमी झालाय, कोळ्यांनी होड्या घालू नये, बंदराला धोक्याचा एक नंबरचा बावटा लावलाय. मी म्हणले, मावशी, तुमच्या होड्या हायत का काय तिकडं. ती हसली नाय. आत गेली आन एक वाटी घेऊन आली.

आण्णांचे डोळे आलेत म्हणे, अंगावरचं दूध घातलं की उतरतात. आमची आजी पण घालायची, म्हणून मला काही वाटलं नाय. पण वाटीची किळस आली. पितळेची, कल्हई गेलेली, कडेनं पिवळे पापुद्रे धरलेले. घासून घेऊ का म्हणले. नको, तशीच लागते म्हणाली. आडोशाला जाऊन पिळून दिलं.

संध्याकाळी बघितलं तर आण्णा चष्म्याशिवाय पेपर वाचत बसलेले. मी मनात म्हणले, लवकर गुण आला.

७ नोव्हेंबर, शनिवार

ललित माल घेऊन वाशीला गेला. दोन दिवस तिकडंच राहील.

आज रेडिओवर दोन नंबरचा बावटा सांगितला. मावशी दोन वाट्या घेऊन आली. मी म्हणले, आता दोन्ही डोळे आले का. तर म्हणाली, सुवर्णे, तोंड कमी चालव, हात चालव. दोन वाट्या भरता भरता छाती दुखायला लागली. नंतर तेजूला घेतलं तर तिला पुरंना. ओढ ओढ ओढून रडली. माझी पोर उपाशी ठेवून म्हाताऱ्याच्या डोळ्यात दूध घालायचं, हे काय मला पटलं नाय.

वास वाढलाय. भाकरीला पण येतो.

८ नोव्हेंबर, रविवार

आज दुपारी वाट्या दिल्या आन मागोमाग गेले. नसते गेले तर बरं.

मावशीनं विहिरीवरचा पत्रा सरकवला. पाणी लय खाली नाय, दोन हातावर हाय. पाण्यावर साय. म्हशीच्या दुधावर धरत नाय एवढी जाड, पिवळी, सुरकुत्या पडलेली, त्यात माशा अडकलेल्या. मावशीनं वाटी धरली, तशी ती साय मधूनच वर आली. बाळ थानाला तोंड लावायच्या आधी ओठ काढतं ना, अगदी तशी. आन आवाज. चुट चुट चुट.

मी झेंडूत ओकले. ओकून मान वर केली तर माझं पोलकं ओलं. पान्हा फुटला होता मला. त्या घाणीच्या आवाजाला माझा पान्हा फुटला. मला माझ्याच अंगाची शिसारी आली.

मावशीनं बघितलं. तिनं काही लपवलं नाय. पाटावर बसवून सांगितलं. तिची धाकटी पोरगी सहा महिन्याची असताना पुराच्या पाण्यात त्या विहिरीत गेली. लय वर्षं झाली. त्यानंतर पाणी चढायला लागलं की ती भुकेनं वर येते. पाजलं की निजते, आन पाणी बांध ओलांडत नाय. मावशीनं आटेपर्यंत पाजलं. मंग सुनेनं. सून माहेरी पळाली, तेव्हापासून लेकुरवाळी बाई कामाला ठेवतात. आमच्या घरची रीत हाय म्हणाली. तिच्या डोळ्यात पाणी होतं, आन हातात त्या चिकट वाट्या.

९ नोव्हेंबर, सोमवार

पाऊस सुरू. नोव्हेंबरात असला पाऊस बघितला नव्हता.

मालकांच्या फोनवरून ललितला सांगितलं, आत्ता ये आन मला घेऊन जा. घाटात अडकलोय म्हणाला. वाट्यांचं सांगितलं. तर म्हणाला, उरलेलं टाकूनच देते ना, तुझं काय झिजतंय. त्याला माहीत होतं. कामाला ठेवतानाच त्यांनी त्याला सांगितलेलं. म्हणून पगार जास्त. मी खोलीत नळ बघून नाचत होते.

वाल्मीकला, माझ्या भावाला फोन करते म्हणले, तर आण्णांनी वायरच काढून घेतली.

रेडिओवर तीन नंबर. तीन वाट्या. तेजूची जीभ कोरडी पडलेली. मला माझी पोर जगवायची हाय, त्यांची मेलेली नाय. पिशवीचं दूध होतं चहाला, त्यात कोमट पाणी घातलं, तीन वाट्या भरल्या आन दिल्या. माझं दूध सगळं तेजूला पाजलं. पोटभर प्याली, हसली.

मावशी वाट्या घेऊन गेली. जरा वेळानं मागून उलटीसारखा आवाज आला. माणसाचा नाय.

१० नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी मोरीतल्या बादलीवर साय. रात्री झाकून ठेवलेलं पाणी, दूध नव्हतं त्यात. बोटानं उचलली तर बोटाला ओढून धरली. गरम होती.

हंड्यावर पण. तांब्यात पण.

दुपारी मोरीच्या भोकातून चुट चुट. फडकं कोंबलं. फडकं आत ओढलं गेलं.

मावशीला जाऊन सांगितलं, काल पिशवीचं दिलं. वाटलं मारेल. मारलं नाय. मांडीवर हात टाकून बसून राहिली. म्हणाली, तिला आईचं म्हणून भलतंच पाजलंस. आता ती वाटीची वाट बघायची नाय. जिथं दूध हाय तिथं स्वतः जाईल.

चार वाजता भोंगा लावलेली रिक्षा आली. वादळ किनाऱ्याला येतंय, धरणाचं पाणी सोडणार, गंगेकाठच्या सगळ्यांनी वरच्या शाळेत जा. आण्णा बांधावर उभे राहून ओरडले, इथं कोणी नाय, पुढं जा. मी तेजूला काखेत मारून, वही कमरेला खोचून चिखलातून पळाले. रिक्षाच्या मागं धावले. थांबली.

शाळेत तीस-चाळीस माणसं. पोरंच लय. खिचडी दिली. इथं वास नाय. देवा, वास नाय.

११ नोव्हेंबर, बुधवार

सकाळ हाय पण अंधारलंय. पत्रे उडतात.

झोपायचं नव्हतं. पण भिंतीला टेकले आन लागला डोळा. तेजू पितेय असं वाटलं. बरं वाटलं. हात फिरवला तर तेजू उजवीकडं गोधडीत, उपाशी, मुठी चोखतेय. आन डावं थान —

गार. चिकट. त्याला साय लागलेली. फडक्यानं पुसली, निघंना. नखानं काढली.

पावसाच्या पन्हाळीचं पाणी भिंतीला झिरपून माझ्यापर्यंत आलेलं. दुसऱ्या कोणाजवळ नाय. माझ्याच जवळ.

तेजूच्या जिभेवर पण पांढरं — थोडंच — काढलं. ती रडली. रडू दे. आता हिला माझं द्यायचं नाय.

शाळेतल्या पाण्याच्या पिंपावर साय. पोरं ग्लास घेऊन रांगेत उभी होती. मी पिंप लाथेनं पाडलं. लोक म्हणाले येडी झाली. पाणी सांडलं आन सगळं माझ्याकडंच वाहत आलं. शाळेला उतार दाराकडं, पाणी माझ्याकडं.

शाळेतल्या छायाबाई बऱ्या हायत. त्यांच्याकडं बाटली हाय, दूधपावडर हाय. तेजूनं बाटली धरली. धरली तिनं.

मी इथं राहिले तर ती विहिरीतली पण इथंच राहील. इतक्या पोरांत. मी विहिरीवर जाते. तिला पाजते, निजली तर येते. नाय निजली तर —

आताच आवाज आला. पायरीखाली. मला पान्हा फुटला. मला थांबवता येत नाय. ओकारी येते आन दूध येतं, दोन्ही संगट —

वही तेजूच्या दुपट्यात बांधते. कोणाच्या मोबाईलला रेंज नाय. जो कोणी वाचील त्यानं रेंज आली की फोन करा. नवऱ्याला नको. त्याला पोर देऊ नका. माझ्या भावाला करा. वाल्मीक, घोटीला भाताच्या मिलवर कामाला हाय. तेजूला घेऊन जा म्हणावं, लांब, डोंगराकडं, गंगेपासून लांब. वरचं दूध पाजा म्हणावं. मला शोधायला येऊ नको म्हणावं, विहिरीचा पत्रा उघडू नको, मी हाक मारली तरी नको. त्याचा नंबर पाठ हाय मला, लिहिते, नव्व्याण्णव बावीस —