परत पाठवलेलं ताट

बेंगळूरु,
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

श्रीमती ग्राझिएलाबाई यांस,

भगवंतरावचा हात जोडून नमस्कार. मी आणि बायको मथुरा, आम्ही दोघं इथं बरे आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? व्हिएन्नात आता थंडी पडायला लागली असेल. जिने जपून उतरा.

पत्र मराठीत लिहितोय. शिवानी तुम्हांला वाचून दाखवेल. माझं इंग्रजी शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या तोंडून उचललेलं. कॉलर, कफ, लूज, टाइट, एवढ्यापुरतं ठीक. शिवानी, बाळ, तू फक्त वाच. पदरचं काही घालू नकोस, आणि काही गाळूही नकोस.

तुमच्या लूकाच्या आणि आमच्या शिवानीच्या लग्नाचा हॉल ठरवला. देवनहळ्ळीजवळ आहे, विमानतळापासून लांब नाही. आमचा थोरला अजिंक्य व्हाइटफील्डला राहतो. तो म्हणत होता, आमच्याकडेच बघूया. मी म्हटलं, पाहुण्यांना उतरल्या उतरल्या त्या ट्रॅफिकमध्ये कोंबायचं नाही. तुमच्यासाठी खालच्या मजल्यावरची खोली राखून ठेवलीय. जेवण केळीच्या पानावर. तिखट कमी करायला सांगितलंय. आचारी म्हणाला, "सरी अण्णा, स्वल्पच घालतो." पण त्याचं स्वल्प म्हणजे काय ते मला माहीत आहे, मी स्वतः उभा राहीन.

व्हिएन्नाहून परत आल्यापासून जो तो विचारतोय, तिकडं खाल्लंत काय? शेजारच्या राजलक्ष्मीअक्कांना तर पंधरा दिवस मी कडकडीत उपाशी होतो अशी खात्रीच होती. मी सांगतो, अहो, उपाशी कसला, शिवानीनं रोज नव्या इटालियन हॉटेलात नेलं! मांस नसलेलं तिथं हमखास मिळतं म्हणून. ट्राममधून उतरायचं, समोर हॉटेल. लाल रश्शातल्या नळ्या मला फार आवडल्या, त्यावर मी रुमालात बांधून नेलेली चटणीपुडी भुरभुरली की झालं. एका ठिकाणी वेटर चीज किसायला आला. पुरे म्हणेपर्यंत तो किसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या पंगतीत करतो तसा मी ताटावर हात आडवा धरला, तर त्याचा अर्धा कीस माझ्या बोटांवर! हे ऐकून राजलक्ष्मीअक्का डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. आमच्या समाजाच्या सभागृहात रविवारी हीच गोष्ट मी दोनदा सांगितली.

शेवटच्या जेवणाची गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही.

इथवर लिहून चहाचं निमित्त करून उठलो होतो. मथुरा म्हणाली, "कागद तिथंच आहे, पळून जाणार नाही." बसलो परत.

त्या संध्याकाळी माझं पोट बिघडलं होतं, असं शिवानीनं तुम्हांला सांगितलं. बिघडलं नव्हतं. बापाची लाज झाकायला पोर भर टेबलावर खोटं बोलली, आणि मी पोटावर हात ठेवून त्या खोट्याला साथ दिली. घडलं ते असं. तुम्ही भोपळा भरलेले ते चौकोनी पदार्थ मागवले होते. एक घास तुम्ही खाल्लात, तुमचा चेहरा फुलला, आणि त्याच काट्यानं दुसरा उचलून तुम्ही माझ्या ताटात ठेवलात. काहीतरी म्हणालात, हसलात. लूकाही हसला. आणि मी ताट पुढं सरकवलं, वेटरला बोट वर करून बोलावलं आणि म्हटलं, "चेंज प्लेट."

त्यानं विचारलं, जेवणात काही चुकलं का. तेव्हा गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी म्हटलं, "नो. शी टच्ड."

एवढं इंग्रजी मला बरोबर आलं.

तुमचा काटा हातातच राहिला होता. तुम्ही तो हळूच बशीवर ठेवलात आणि दोन्ही हात टेबलाखाली घेतलेत. मी ते पाहिलं. वेटर ताट उचलायला वाकला, तर मथुरानं त्याची कड धरली. घाबरली की ती कन्नडवर येते. त्या गोऱ्या वेटरला म्हणाली, "इरली, इरली," म्हणजे राहू दे. मग मला हळू आवाजात, "अहो, पोरीच्या सासूनं वाढलेलं परत पाठवतात होय?" आणि माझं ताट स्वतःकडे ओढून ती ते सगळं जेवली. घरात बाहेरच्या पाण्याला शिवत नाही ती बाई.

ट्राममध्ये शिवानी खिडकीकडे तोंड करून बसली होती. उतरताना एवढंच बोलली, "अप्पा, त्यांनी आज तुमच्यासाठी मांस मागवलंच नव्हतं. आणि आवडलेला घास लूकाच्या बाबांना त्या असाच द्यायच्या." मी म्हटलं, "मला काय ठाऊक?" लाज वाटली की माणूस आवाज चढवतो, तसा चढवला.

आमच्यात एका गोष्टीचं मोठं प्रस्थ आहे, उष्टं. दुसऱ्याच्या तोंडाला लागलेलं अन्न. शिवानी, त्यांच्या भाषेत याला शब्द नसेल तर हाच ठेव. उष्टं खायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. हे कारण मी तुमच्यापुढं ठेवणार होतो. लिहायला घेतलं आणि लक्षात आलं, तेही धड खरं नाही. त्याच आठवड्यात शिवानीनं टाकलेल्या पिझ्झाच्या कडा मी रोज खात होतो, दातांच्या खुणांसकट. घरच्यांचं उष्टं आम्हांला चालतं. बाहेरच्यांचं नाही. म्हणजे उष्ट्याचा प्रश्न नव्हताच. तुम्ही मला घरचा धरलंत, आणि मी भर हॉटेलात ओरडून सांगितलं की तुम्ही बाहेरच्या.

आणि मी कोण? शिंपी. आमचं घराणं साडेतीनशे वर्षं या मुलखात आहे, आणि मी उभा जन्म परक्यांच्या अंगाला टेप लावण्यात घालवला. छाती, कंबर, घामेजलेली मान. जो दुकानाची पायरी चढला त्याला हात लावला, आणि मला हात लावू दिला नाही असं एकही गिऱ्हाईक आठवत नाही. त्या माणसानं तुम्हांला असं म्हणावं!

हे सगळं मी गिळून टाकलं असतं. महिनाभर गिळलंच होतं. पण परवा शिवानीचा मथुराला फोन आला. लग्नाला तुम्ही येणार नाही म्हणालात. लूका फार धरून बसल्यावर म्हणालात, "तिथं त्यांच्या घरात चुकून माझा हात कशाला लागला तर?" फोन ठेवून मथुरा माझ्याशी भांडेल असं वाटलं होतं. ती भांडली नाही. भाजी निवडत बसली. मग म्हणाली, "आई नसलेल्या मांडवात तो मुलगा उभा राहणार. तुम्ही सजवा मांडव."

मी तिला म्हटलं, लग्नात मी सगळ्यांसमोर त्यांच्या पानातलं खाईन. तर म्हणाली, "एकदा सगळ्यांसमोर केलंत तेवढं पुरे. आता जे करायचं ते गुपचूप करा." तिचं बरोबर आहे. म्हणून हे पत्र.

माफ करा असं मी लिहीत नाही. ते तुमच्याकडे राहू दे, कधी द्यावंसं वाटलं तर द्या. मागणं एकच आहे, लग्नाला या. माझ्या घरात कपाट, देव्हारा, चूल, जिथं हात लावाल तिथं लावा. मथुरा तुमच्याबरोबर असेल. माझं तोंड बघायला नको वाटत असेल तर तसं स्पष्ट सांगा, मी आचाऱ्याजवळ मागं थांबेन, फक्त कन्यादानापुरता पुढं येईन. पण लूकाच्या शेजारची जागा माझ्या जिभेपायी रिकामी राहिली, तर शिवानीच्या डोक्यावर अक्षता टाकायला माझा हात उचलणार नाही.

शिवानी, तुझ्याशी वेगळं बोलायचंय, ते समोर आलीस की बोलेन. आता वाचता वाचता थांबली असशील तर पाणी पी, आणि खालची ओळही वाच.

व्याही म्हणून सही करायची रीत आहे. तो मान तुम्ही द्यायचा आहे, मी आपला घेऊन टाकणं बरं नाही. तेव्हा तूर्त नुसता,

शिवानीचा बाप,
भगवंतराव