सावकाश पाणी

१२ एप्रिल २०१९, सकाळी
आमच्या महिला दूध संस्थेत दुसरा कॉम्प्युटर आला. पहिला पत्र्याच्या शेडात तापून बंद पडायचा, अन् चारा छावणीचं सगळं काम त्याच्यावर. चेअरमन मी, म्हणून भाच्यानं, बिभीषणनं, पुण्याहून आणला. आत नळ्या हायेत. त्यातलं पाणी मशिनीची धग उचलून जाळीकडं नेतं, जाळीला पंखा. पंपाला एक ते पाच आकड्यांचं बटन. म्हणला, आत्या, पाचवरच राहू द्या. टँकरच्या रांगा वीस वर्षं मी लावल्या, अन् पाण्याचं मला शिकवतो.

१५ एप्रिल
पाणी नुसतं पळतंय. माठातलं पाणी पळतं का? बसतं, म्हणून गार होतं. बटन एकावर आणलं. जाळीतून निघणाऱ्या नळीला हात लावला, लई गार. मनकर्णा, आमची ऑपरेटर, म्हणली मशिनीतून येणाऱ्या नळीला लावून बघा, भाजतंय. म्हणलं, कामाची सवय नसली की भाजतं. बाया हसल्या. ती न्हाई हसली. घमेंड.

२० एप्रिल
तीनदा बंद पडला. लाइटीचा दोष.

२१ एप्रिल
दिवसभर चालला. एकावर ठेवल्याचा गुण.
संध्याकाळी दिसलं, त्या मनकर्णा बयेनं माझ्या माघारी बटन पाचवर नेलतं. परत एकावर, वरून चिकटपट्टी. सगळ्यांसमोर म्हणलं, नवऱ्यानं टाकलेलीनं संस्थेला अक्कल शिकवू नये. मऊच बोलले.

२३ एप्रिल
तालुक्याचा निरोप. छावणीतली सहाशे बारा जनावरं, कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासकट, २६ तारखेला पाचच्या आत कॉम्प्युटरवर चढवा. न्हाईतर छावणी बंद. मनकर्णा म्हणली तीन दिवस तरी पाचवर करू द्या, पाया पडते. तिला कामावरून काढून टाकली. उद्यापासून मीच बसणार. त्यात काय हाय एवढं.

२५ एप्रिल
एका बोटानं एकोणनव्वद जनावरं. दर पंधरा मिनिटाला बंद. पाणी बसू देते, मग चालू करते. गुरं राखणारी कडूबाई दोनदा आली, ताई, आमच्या गायी चढल्या का. म्हणलं, गायी राहू दे, तूच चढ. निघून गेली.

२६ एप्रिल, पाच वाजता
एकशे चौऱ्याहत्तर. तालुक्याच्या साहेबाला फोनवर म्हणलं, बाकीची उद्या. त्यानं फोन ठेवला. लाईन खराब असंल.

२९ एप्रिल
छावणी उठली. बिभीषण आला, चिकटपट्टी फाडली, बटन पाचवर नेलं. दोन तास बंद पडला न्हाई. म्हणला, पाणी रेंगाळलं की जाळीपाशी गार लागतं, पण धग आतल्या आतच साठते. म्हणलं, तीन दिवस इसावा मिळाला म्हणून चालतंय. तो चहा न पिता गेला.
कडूबाईची एक गाय चौसाळ्याच्या छावणीच्या वाटेवर बसली ती उठलीच न्हाई. म्हातारी असंल. लोक म्हणतात दुसऱ्या वेताची, तरणी होती. लोकांना काय.

३ मे
माझ्या दोन्ही म्हशी चौसाळ्याच्या छावणीवर नेल्या. नोंदीच्या टेबलाशी मनकर्णा, आता तिथली ऑपरेटर. मान वर न करता विचारलं, मालकाचं नाव? सांगितलं. लिहून घेतलं. म्हणली, बाहेरगावच्यांना आज जागा न्हाई, त्या लिंबाखाली थांबा. चारपर्यंत थांबले. मग तिनं स्वतःच्या गायीच्या वाट्याची एक पेंढी पाठवली. मी नको म्हणणार होते, तोवर म्हशींनी संपवली.