सांगेपर्यंत गिळायचं नाही

आई, वाकून नमस्कार.

घास छातीतच अडकतो म्हणून आज तपासणी केली. नाकातून बारीक नळी थेट पोटापर्यंत घातली. नर्सबाई एकेक घोट पाणी गिळायला लावून म्हणायच्या, "आता मी सांगेपर्यंत गिळायचं नाही." मला कुठला दम निघतोय? लगेच आवंढा गिळायचो. "झालं! परत करा!" त्या वैतागल्या, मी त्यांच्याहून जास्त.

एवढं करून डॉक्टर म्हणतात, अन्ननळी घास खाली ढकलतच नाही, औषधाचं नंतर बघू. नंतर म्हणजे कधी? कामावरचे तर म्हणतात, नखरे करतो.

तू काळजी करू नकोस. पातळ काही असलं की जातं. पँट सैल झालीय, पण पट्टा आहे.

बाबांचा गुडघा कसा आहे?

घरी आलो की ताट भरून वाढू नकोस, आई. तुला नको म्हणायला मला जमणार नाही.

तुझाच,
धाकटा